एकास पाचशे

अकरा वर्षं मी शारजात पार्किंग काढते आहे.
अडीच मीटर बाय साडेपाच, अडीच मीटर बाय साडेपाच,
ऑटोकॅडला एकदा सांगितलं की पांढऱ्या रेघांची पिलावळ होते.
परवा सहज हिशेब केला:
अल नहदातल्या आमच्या खोलीत एक कोरोला मावेल,
दारं मात्र उघडणार नाहीत.

सदतिसाव्या वर्षी पुन्हा गळ्यात आयकार्ड.
संध्याकाळी सहा ते नऊ, नगररचना, पदव्युत्तर.
वर्गात मीच थोरली,
आणि एसी असा की जुलैत शाल लागते.
प्रोफेसर रीम पहिल्याच तासाला म्हणाल्या,
"नकाशात उत्तर कुठे ते सगळेच दाखवतात.
तुम्ही सावली दाखवा."
(उत्तर या शब्दाची आमच्याकडची गंमत
त्यांना कशी सांगणार?)

सर्व्हेला माझ्या वाट्याला इंडस्ट्रियल एरिया दहा.
टायरवाले, भंगार, रेडिएटरची दुकानं,
आणि एक बसथांबा. पाटी आहे, छप्पर नाही.
छप्पर दुसऱ्या टप्प्यात.
ड्रॉइंगवर ते मीच लिहिलंय, ऑफिसात, चार वर्षांपूर्वी.

दुपारचे साडेतीन. त्रेचाळीस अंश.
दिव्याच्या खांबाची सावली, वीतभर रुंद,
फुटपाथवर आडवी,
आणि तिच्यावर एकामागे एक सात माणसं
रॉकेलच्या रांगेत असावीत तशी, न बोलता.
शेवटच्याला ती छातीपर्यंतच पुरते;
डोकं उन्हात, डोक्यावर ओला रुमाल.
सावली सरकते,
थोड्या वेळाने रांग सरकते,
कुणी कुणाला सांगत नाही.

मी लिहिलं: सावलीत सात.
मग खोडून: साडेसहा.

तेवढ्यात पुढचा वळला. मोतालेब, कुमिल्लाचा
(नाव नंतर कळलं, बसमध्ये).
तो मागे काहीतरी पुटपुटला आणि सगळी रांग
चपला घासत एक पाऊल मागे गेली.
खांबापाशी एक माणूसभर जागा.
"आपा, इधर छाया है."

जायला नको होतं.
निरीक्षकाने निरीक्षणात उतरू नये,
पुस्तिकेत पान चौदा.
गेले.
वळून पाहिलं तर शेवटचा आता पुरता उन्हात.
त्याने रुमाल झटकला, बाटलीतलं पाणी शिंपडलं,
पुन्हा डोक्यावर ठेवला
आणि बस येते त्या दिशेला बघत राहिला.

लहानपणी म्हणत असू, एक तीळ सात जणांत वाटून खावा.
आठव्याचं कुणी काही म्हटलेलं नव्हतं.

मॉडेल एकास पाचशेच्या प्रमाणात.
इमारती फोमच्या, खाडी निळ्या कार्डाची,
माणूस साडेतीन मिलिमीटर.
जोसेलिनने विकत आणली, पांढरी, शंभराचं पाकीट,
सगळी चालणारी, सगळी घाईत.
थांबलेला माणूस दुकानात मिळत नाही म्हणे.
मी रात्री फडताळातून डबा काढला.
तिळाला पट्टी लावली:
काही तीन, काही चार,
बरेचसे मधले.
चिमट्याने एकेक उचलून फेव्हिकॉलवर उभे केले,
खांबाच्या जागी अर्धी कापलेली टाचणी.
मल्हार पाणी प्यायला उठला होता.
"आई, मुंग्या?"
"माणसं."
"मग पडतायत का?"
खरंच पडत होते. दीड वाजला.

ज्यूरीच्या दिवशी प्रोफेसर रीम
चष्मा कपाळावर चढवून मॉडेलवर वाकल्या.
बराच वेळ वाकलेल्याच.
"तक्त्यात साडेसहा. इथे आठ.
यातलं चूक कुठलं?"
मागे सालिम हसला. त्याच्या प्रकल्पात
मरीना आहे, मोनोरेल आहे,
खजुराची झाडं हिरव्या स्पंजची, चारशे, सारख्या अंतरावर.

बुधवारपर्यंत मुदत दिली आहे.
आठवा तीळ काढून टाकता येईल, नखाने,
पण कुठला आठवा?
टाचणीजवळचा,
की तो शेवटचा, जो कालपासून जरा कलला आहे?

नकाशावर उत्तर आहे,
वरच्या उजव्या कोपऱ्यात, छोट्या वर्तुळात, बाणासकट.
ते तेवढं मी बिनचूक काढते.