चार आणे हिस्सा

रात्री अकरानंतर संघाच्या जुन्या जिनिंगमध्ये
एकच खोली गार असते, आणि ती माझ्यासाठी नसते.
ती कपाटासाठी: काचेचं दार, आत अठ्ठेचाळीस खण,
खणाखणात फिती, प्रत्येकीच्या पाठीवर काळ्या रेघांत तिचं नाव,
मधल्या रुळावर एक हात.
मी चपला बाहेर काढून बसते.
बाहेर मे. भिंतीला पाठ टेकवली
तर दुपारचं ऊन ती अजून परत करत असते.

बँक, दवाखाना, भूमी अभिलेख.
तिघांची यंत्रं तीन गल्ल्यांत, नाल्याकाठून पुरलेली तार,
आणि हात तिघांत मिळून हा एक.
एकट्याला कुणालाच झेपला नसता.
सभेत कागद फिरला तेव्हा नेवारे सचिव म्हणाले,
"हे त विहिरीवानीच झालं बाप्पा, ज्याची त्याची पाळी."
सगळे हसले. मी नाही हसले.

काल दोन वाजून दहा मिनिटांनी
बँकेची लाइन गेली. जनरेटर धरला नाही.
यंत्र लिहिता लिहिता विझलं,
पण ड्राइव्ह त्याच्या नावावर तसाच धरलेला.
दुसरा ड्राइव्ह सोमवारपासून सफाईची फीत मागतोय,
ती यवतमाळहून यायची आहे.
हात अर्ध्या वाटेत उभा.
दवाखाना विचारतो: मिळेल का?
पडदा सांगतो: व्यस्त.
तीस सेकंद.
मिळेल का?
व्यस्त.

दवाखान्याकडे काल काय होतं मला माहीत आहे:
चार एक्स-रे, एक बाळंतपण,
सिकलसेलच्या रजिस्टरात सात नवी पोरं.

आमच्या विहिरीवर मोटर एक होती.
काका नागपूरला ऑपरेशनला गेले
तेव्हा स्टार्टरच्या पेटीची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात गेली.
बाबा सकाळ-संध्याकाळ विहिरीवर जायचे,
वाकून पाणी बघायचे, परत यायचे.
पेटीचं कुलूप एवढंसं, दगडानं तुटलं असतं.
आई म्हणाली, तोडा.
बाबा म्हणाले, पाळी त्याची हाय.
एकोणीस दिवस. मेथी वाळली, मग वांगी.
काका परत आले ते किल्ली विसरूनच गेले होते.

मी उकंडराव भोयरांना फोन लावला.
"साहेब, सोडू का?"
"काय सोडून राह्यली व, रात्रीची?"
"ड्राइव्ह. तुमच्या यंत्रानं धरून ठेवला अन् ते बंद पडलं."
खाटेची करकर. पंखा. बाजूला कुणीतरी खोकलं.
"सोड मंग. पण माही फीत तेवढी कोणाले देऊ नोको."

एक ओळ टाइप केली. एंटर.
हात हलला. बँकेची अर्धवट फीत काढली,
तिच्याच खणात, सव्वीसमध्ये, नेऊन ठेवली,
मग लाल उजेडात दवाखान्याच्या फितीचं नाव वाचलं
आणि तिला तोंडाशी नेलं.
एवढंच. चहा कोमट होता, प्याले.

एकतिसाव्या खणात भूमी अभिलेखची फीत आहे.
तिच्यात कुठेतरी, गुंडाळीच्या आत,
आमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत एक ओळ:
सामाईक विहीर, हिस्सा चार आणे.
किल्लीचं काही लिहिलेलं नाही.
तिथे तो रकाना नसतो.
शनिवारी तिची नक्कल स्टीलच्या डब्यात घालून
सहाच्या एसटीनं वर्ध्याला पाठवते,
कंडक्टर दर वेळी विचारतो, लाडू का?

चार वाजता बँकेत लाइन आली.
यंत्र जागं झालं, उरलेलं लिहायला ड्राइव्ह मागू लागलं.
दवाखान्याचं अजून चालू होतं.
व्यस्त, पडद्यानं सांगितलं.
मी बघत राहिले, रागावतं का.
तीस सेकंदांनी त्यानं पुन्हा विचारलं,
तेवढ्याच आवाजात.