गू8

ठरवायचं एवढंच होतं, कुठलं घ्यायचं.
तीन होती. तिन्ही फुकट, तिन्ही उघडी,
पोटातली चाकं दिसतील अशी.
पुण्याच्या माणसानं वर्षाचे पंचेचाळीस हजार सांगितले
तेव्हा खाडेसाहेबांनी चहा अर्धाच ठेवला,
म्हणाले, शमीम, तूच बघ काहीतरी.
वर हेही म्हणाले, फुकटचं म्हणजे कुणीतरी टाकलेलंच असणार.
मी म्हटलं, साहेब, तालमीतली माती कुणाच्या मालकीची?
ताक ओततो एक, हळद टाकतो दुसरा,
खोरं तिसऱ्याच्या हातात.
अंगाला लावायला येईल त्याची.

साहेब पूर्वी खेळलेले. गप्प बसले.

कपाटात सतरा वर्षांची सौदे पत्रकं,
मार्केट यार्डात रोज दुपारी वाटलेली:
गाव, रवे, प्रत, भाव.
पुरात खालचा खण भिजला.
एकेक पान दोरीवर वाळवून मग स्कॅन केलं,
कागदाला अजून पंचगंगेचा वास.

तिघांना एकच पान दिलं,
पासष्ट साल, मार्चातला शुक्रवार.

पहिल्यानं गूळ वाचला गूल.
ते हिंदीवर वाढलेलं, त्याच्या घरात ळ नाहीच.
हळदी गावाचं हलदी केलं, कळंब्याचं कलंबा,
आणि खाली शंभरात अठ्ठ्याण्णव गुण
स्वतःच स्वतःला देऊन मोकळं.

दुसरं त्याहून हुशार. दिसेना तिथं
शोभेल असा शब्द बसवायचं.
"उत्तम प्रतीचे फूल, आवक चांगली."
वाचायला इतकं साफ, की क्षणभर मला वाटलं
त्या शुक्रवारी यार्डात शेवंतीच उतरली असेल.

तिसऱ्यानं लिहिलं गू8.
ओळीमागून ओळ. गू8. गू8. ह8दी.
टेबलाभोवती सगळे हसले.
शिपाई तर आठ सोडूनच मोठ्यानं वाचायला लागला.

काढून टाकणार होते. त्याआधी म्हटलं,
छापणाऱ्यालाच एकदा विचारू.
लक्ष्मीपुरीतला तो छापखाना कधीच बंद झाला,
पण खिळे जुळवणारे अनंत हुपरीकर आहेत,
शहाऐंशीचे, कानानं कमी.
त्यांनी भिंगातून जुनं पान पाहिलं.
मग माझी प्रिंट.
उजवा हात टेबलावर आपोआप फिरायला लागला,
या खणातून त्या खणात,
जिथं आता खण नव्हते.

"बरोबर वाचलंय की यानं."

"रोज दीडशे वेळा गूळ छापायचा. ळ टिकंल होय?
झिजून झिजून मुगाचा दाणा झाला त्याचा.
नवे खिळे यायला महिना, दोन महिने.
मग इंग्रजीच्या खणातला आठ घेतला, आडवा निजवला.
वरची रेघ नाही, खरं आहे.
पण भाव बघणारा माणूस
डोक्यावरची रेघ बघतोय काय?"

चार महिने सगळं यार्ड
आठ वाचून ळ म्हणत होतं
आणि कुणाला कळलं नव्हतं.
साठ वर्षांनी पकडलं ते यानं,
ज्याला ना गूळ माहीत, ना कोल्हापूर,
फक्त दिसेल तेच लिहायची खोड.

तिसरंच घेतलं.

शिकवायला बसले. पहिल्या दिवशी घाईत
सगळ्याच इंग्रजी आठांचे ळ करून टाकले,
तर एका अडतदाराचा फोन नंबर झाला 2ळ4.
तो डाव उलटला.
मग एकेक ओळ कापायची, शेजारी खरं काय ते लिहायचं.
अशा चारशे ओळी. डोळ्यांतून पाणी.

केलेला बदल सगळ्यांच्या मातीत टाकताना
एक चौकोन येतो, कारण लिहा म्हणून.
मी लिहिलं:
ळ संपले होते. अनंत हुपरीकर यांनी आठ आडवा लावला.

फोनवर त्यांना वाचून दाखवलं. दोनदा, ओरडून.
पलीकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
"हुपरीकरातला हु ऱ्हस्वच घेतलायस ना?
एकदा प्रूफ पाठव."