शेंदराखाली

मरोळच्या गावठाणात, पंपरूमच्या मागे,
नव्या नकाशात जिथे फक्त ‘अडथळा’ असं लिहिलंय,
तिथे ती उभी आहे. कमरेइतकी.
शेंदूर इतका जाड
की आत दगड कुठे सुरू होतो ते बोटाला कळत नाही.

सेक्रेटरी कुडाळकर म्हणाले,
पुरातन-बिरातन असेल तर पंधरवड्यात सांगा.
इथे दोन गाड्या बसतात.

ठसा घ्यायचा म्हणजे दगड आधी भिजवायचा,
वर कागद अंथरून ब्रशने ठोकत राहायचं,
मग शाईचा बोळा.
जिथे कोरलंय तिथे कागद आत जातो, शाई लागत नाही.
म्हणजे आम्ही वाचतो ते
शाई न लागलेलं.

पण शेंदूर खरवडायला परवानगी लागते.
माझ्याकडे खात्याचं पत्र होतं, शिक्क्याचं.
चांगुणा म्हात्रेने ते उलटं धरून पाहिलं,
घडी घालून परत दिलं.
“वरचा खरव. खालचा नको.”

वर निघाले सूर्य आणि चंद्र,
एक बंदा रुपया, एक कोयती.
हे दोघे आहेत तोवर, असा त्यांचा अर्थ.
खाली आठ ओळी:
कुणीतरी कुणालातरी नारळाची वाडी दिली.
देणाऱ्याचं नाव झिजलंय, घेणाऱ्याचं अर्धं.
शाबूत राहिल्यात त्या हद्दी.
पूर्वेला तळं, उत्तरेला ताडांची रांग,
पश्चिमेला नदी, दक्षिणेला वाट.
मी मान वळवून पाहिलं.
पूर्वेला जिम. ताडांच्या जागी होर्डिंग.
नदीचं काय झालं ते वासावरून कळत होतं.
वाट मात्र अजून वाटच होती,
तिच्यावर सहा रिक्षा गॅसच्या रांगेत.

लोक विचारतात, खणलं की काय सापडतं तुम्हाला?
मणी सापडतात, विटा, गटारं, जळका तांदूळ.
मला बहुतेकदा भीती सापडते.
कुलूप निघालं की चोरही निघालाच.
साक्षीला सूर्यचंद्र बसवावे लागले
म्हणजे माणसांची साक्ष तेव्हाही फिरत होती,
आणि दुसऱ्याच्या वाडीवर डोळा ठेवणारे
याच उतारावर राहत होते,
आठशे वर्षांपूर्वी, पंपरूम नसताना.

शेवटची ओळ शेंदरात बुडालेली.
जो हे दान मोडील त्याच्या आईला
—पुढचं मला न खरवडताही माहीत होतं.
अशा दगडांवर तेच असतं.
आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी
खाली चित्र. एक गाढव. एक बाई.
जमीन पुरुषाची, हडपणारा पुरुष,
शाप लिहिणाराही.
ती बाई त्या व्यवहारात कुठेच नव्हती.

“काय लिवलाय?”
मी म्हटलं, जमिनीचं आहे. दान.
“आन् खाली?”
मी बोळा पिळत राहिले. त्यात पिळण्यासारखं काही नव्हतं.

“मना ठाव हाय,” चांगुणाबाय म्हणाली.
“लगीन जाला त्याच साली सासूनं दावला,
बोटानं चाचपून. गाढव नं बाय.
तिला तिच्या सासूनं.
तवापासून दर अवसेला लावतंय.
कुनाला ती तशी दिसाला नको.”

मग तिने तेलाची वाटी पुढे ओढली
आणि मी वर जेवढं उघडं केलं होतं
तेवढं सोडून
बाकीच्यावर नवा हात फिरवला.

कडेला एक ढलपी निघाली होती, ती मी भिंगातून पाहिली.
भगवा, काळा, भगवा, काजळी, पुन्हा भगवा.
पट्टीने मोजलं: चार सेंटिमीटर.
किती सुना, ते मोजायचं कोष्टक
आमच्याकडे नाही.

फॉर्ममध्ये ‘स्थिती’ या रकान्यात सगळे लिहितात
‘खालचा भाग अस्पष्ट’.
मी लिहिलं, ‘झाकलेला’.
कुडाळकरांना अजून काही कळवलेलं नाही.

निघताना तिने हात पुसायला काही मागितलं.
ठशाचा उरलेला कागद दिला.
त्यावर तीन बोटं उमटली,
भगवी, तेलकट, मधलं जरा वाकडं.
त्यालाही मी नंबर घातला.