बोटभर जागा

तुर्भ्याच्या गोदामात करसनभाई
एकेक फळी उताणी करून दाखवतात.
हा साग. हा ओक, थंडीत वाढलेला,
इथं थोडी चिडचिड करेल.
हे वरून अक्रोड, आतून भुसा,
"मी सांगतो, बाकीचे सांगणार नाहीत."
हेरंब प्रत्येक फळीवर टकटक करतो,
कलिंगड घेताना करतो तशी,
आणि तशीच, काही न कळता, मान डोलावतो.

मला रंग हवा होता
दूध कमी पडलेल्या चहाचा.

ऋजुता बाहेर, रिक्षापाशी.
विचारलं तर म्हणाली, "कुठलंही."
तेरा वर्षांच्या मुलीचं कुठलंही
म्हणजे नको, की खरंच कुठलंही,
हे शिकायला लागून मला वर्षही झालेलं नाही.
ती मला तुम्ही म्हणत नाही, तू म्हणत नाही.
वाक्यंच अशी रचते की मी त्यांत येत नाही.
चहा झालाय का.
दार लावायचंय का.

नमुन्याच्या चार फळ्या घरी आणल्या.
एकीवर कुकर ठेवला, तिनं वर्तुळ सोडलं नाही.
एक बाल्कनीत राहिली,
नेरूळच्या खाऱ्या वाऱ्यानं दोन दिवसांत
तिचं धनुष्य केलं.
तिसरीवर मी मुद्दाम किल्ली ओढली.
चौथी सापडेना.
ती निघाली ऋजुताच्या टेबलाखाली,
अनवाणी पाय ठेवायला घेतलेली.
एका कडेला कर्कटकानं कोरलेलं काहीतरी.
मी वाचलं नाही.
साग होता. मग सागच ठरला.
करसनभाईंना फोनवर म्हटलं, रंग आवडला.

जुनी फरशी निघाली. नझीर मिस्त्री
ओल मोजायचं यंत्र घेऊन गुडघ्यांवर बसले,
डॉक्टरसारखे, आकडा लगेच सांगेनात.
"चौथ्या मजल्यावर कुठली ओल?" मी.
"हवेला जिना लागत नाही, ताई.
लाकूड आज आणा, पण पंधरा दिवस हात लावू नका.
गठ्ठे सोडून नुसतं ठेवा.
पंखा नेहमीसारखा, फोडणी नेहमीसारखी.
तुमच्या घरची हवा त्याला पिऊ द्या.
घाई केलीत तर फुगेल, एकमेकांना ढकलेल,
आणि मधोमध उठून उभं राहील."

सगळ्यांत लांब खोली ऋजुताची,
म्हणून लाकूड तिच्याकडे उतरलं.
पंधरा दिवस ती त्या ढिगावर बसून
भूगोल करायची, फोन करायची, नुसती बसायची.
मी पोह्यांची बशी दारातून आत सरकवायची.
बशी रिकामी मिळायची,
फळीवर ठेवलेली,
खाली वर्तमानपत्राची चौपदरी घडी.

बसवायच्या दिवशी मिस्त्रींनी
भिंतीपासून बोटभर फट सोडली, चारी बाजूंनी.
हेरंब कॅल्क्युलेटर काढून,
"एवढी जागा फुकट? चौरस फुटाचा भाव बघा!"
"फुकट कुठं, साहेब. ती लाकडाची आहे.
जुलैत घेईल."
हेरंबनं तरीही गुणाकार पूर्ण केला.

संध्याकाळी कडेच्या पट्ट्या तेवढ्या राहिल्या होत्या.
खिडकीखाली ऋजुता ओणवी,
फटीत काहीतरी सोडत होती, बारीक, चमकणारं.
केसांची पिन असेल. तिच्या आईच्या डब्यात तशा आहेत.
चॉकलेटचा कागदही असेल.
मी कपडे काढायला बाल्कनीत गेले,
वाळले नव्हते तरी.

सकाळी मिस्त्री म्हणाले,
"इथं कचरा अडकलाय. काढू?"
"कचरा नाही. लावा पट्टी."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातोडी घेतली.
पहिल्या ठोक्याला मागून आवाज आला,
"हळू ठोकायला सांग."

सांग.

मी चार पावलं चालून गेले,
नव्या फळ्यांवरून,
आणि सांगितलं.