गाय व्यायला आली, म्हणून

तार्तूच्या दप्तरखान्यात माझ्याकडे फक्त किल्ल्या असतात.
गोष्टी खोक्यांत, खोकी मांडणीवर,
आणि उंदरांना आत यायची परवानगी नाही.

विर्वे आली ती फेब्रुवारीत, बुटांना बर्फ घेऊन.
तीन कादंबऱ्या लिहिलेली बाई.
चौथी रुतली होती म्हणे,
काढू जावं तितकी खोल.
तिला हवी होती सेतू गावांकडची खोकी,
जिथे तिच्या आईची माणसं राय पेरत.

एकशे बारावं खोकं.
हिंद्रेक नावाचा शाळामास्तर
त्या उन्हाळ्यात सायकलवरून गावोगाव हिंडला होता,
गोष्टीमागे चिमूटभर तंबाखू देत.
कुणी तंबाखूपायी गोष्ट लांबवली
हेही त्यानं समासात टिपून ठेवलंय.

पान एकोणचाळीस. सांगणारी ओक्से,
वय सत्तरच्या आसपास, तिला स्वतःला नक्की ठाऊक नाही.
एका मुलीला तिच्या भावांनी विकलं,
दलदलीतल्या कुणाला नव्हे, दलदलीलाच.
मोबदल्यात कोरडी जमीन घेतली.
मुलगी पाण्याखाली सूत कातत राहिली.
सातव्या वर्षी धाग्याचं टोक
भावांच्या उभ्या पिकातून वर आलं.
धाकट्यानं ते बोटाला गुंडाळलं, ओढलं, आणि

इथं मास्तरची शिसपेन थांबते.
खाली बारीक अक्षरात:
सांगणारी उठली. गाय व्यायला आली.
अंधार पडेस्तोवर थांबलो. सायकलला दिवा नाही.

विर्वे हसली. मग हसेनाशी झाली.
पुढचं पान? तिनं विचारलं.
पुढच्या पानावर कोल्हा आहे, मी म्हटलं,
दुसऱ्या गावचा, दुसऱ्या बाईचा.

इथं लेखक येतात ते मुळं खणायला आल्यासारखे.
मूळ म्हणजे त्यांच्या लेखी काहीतरी गाडलेलं,
जपून उकरायचं, धुऊन काचेत ठेवायचं.
माझ्या परसात सफरचंदाचं झाड आहे.
त्याला विचारा,
कालच्या उन्हाळ्यात त्याला पाणी कुणी पाजलं.

आठवडाभर ती तेच एक पान घेऊन बसली.
एकदा म्हणाली, कालवड झाली की गोऱ्हा?
नोंद नाही, मी म्हटलं.
एकदा म्हणाली,
ओक्सेनं गोष्ट गोठ्यात पुरी केली असणार.
कोपरापर्यंत हात आत, कंदील खुंटीला,
आणि तोंडानं गोष्ट चालूच.
शेवट फक्त गाईनं ऐकला.

मी काही बोललो नाही.
गाईची साक्ष कोणत्या खोक्यात लावायची,
याचा नियम आमच्याकडे नाही.

दोन वर्षांनी कादंबरी आली.
पहिल्याच पानावर गोठा, वाफ, ओला पेंढा.
धाकट्यानं धागा ओढल्यावर काय वर आलं
ते तीनशे पानं येत राहतं,
आणि पुस्तक संपतं तेव्हा
सुफळ संपूर्ण म्हणावं असं काहीच झालेलं नसतं.

परवा एक बाई आल्या, सेतूकडच्या,
पिशवीत तेच पुस्तक, पानाला भाकरीचा चुरा.
हे चुकलंय, म्हणाल्या.
आमच्या आत्या सांगायच्या त्यात
मुलगी धागा स्वतःच दातानं तोडते.
आणि मग खरी गोष्ट सुरू होते.

दप्तरखान्यात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं.
मी किल्ल्या बाजूला ठेवल्या,
कोरं कार्ड घेतलं, शिसपेनीला टोक केलं.
नाव विचारलं. वय विचारलं.
त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
त्यांची बस पावणेपाचला होती.