जास्तीची लांबी

गुनवाल्डिस रेडिओवर जांभई देत सांगतो:
वारा डावीकडून, आठ नॉट. पट्टीवर एक करकोचा आहे,
उठेल तो. नाही उठला तर अजून एक फेरी मार.

खाली अडीच किलोमीटर काँक्रीट.
आम्हाला तीनशे मीटर पुष्कळ झाले.
बाकीची लांबी ज्यांच्यासाठी ओतली
ती जड पोटाची विमानं शेवटची उडाली
तेव्हा मी दुसरीत होते;
शाळेच्या काचा त्या दिवशी थरथरल्या
आणि मग कधीच नाही.
बाई फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभ्या होत्या.

उजव्या सीटवर आर्विड्स. वय एक्क्याऐंशी.
मांडीवर टोपी, टोपीत दोन्ही हात.
रीगाहून निघाल्यापासून एकदाच बोललाय:
"दार एवढंसंच असतं का याला?"

शेवटचं वळण. इंजिनाचा आवाज उतरवते.
फ्लॅपची एक खाच, मग दुसरी.
पाठीवर गवत वाढलेले हँगर
रवंथ करत बसल्यासारखे.
एकात बटाटे साठवतात, एकात मशरूम पिकतात,
तिसऱ्याला अजून कुलूप आहे,
किल्ली कुणाच्या खिशातून कुठल्या देशात गेली, देव जाणे.

नाक वाऱ्यात तिरकं, शेपूट हट्टी.
पायांनी समजूत घालत आणते मधल्या रेषेवर.
करकोचा उठतो, घाई न करता,
पाहुण्यांना बसायला जागा करून द्यावी तसा.

"हळू," आर्विड्स म्हणतो.
"हळूच आहे."
"नाही. इथे. इथे हळू."

एक चाक टेकतं. मग दुसरं.
काँक्रीटच्या सांध्यांवरून
टक्, टक्, टक्,
सांध्यांत बर्चची वीतभर रोपं, आमच्या पोटाखालून वाकून जाणारी.
तो समोर बघतच नाही. मान उजवीकडे,
दूरच्या चर्चच्या टोकाकडे.

"ते टेकडीमागे गेलं की थांब.
आमच्या अंगणातून दिसायचं नाही ते.
आई कुरकुरायची, घंटा ऐकू येते अन् चर्च दिसत नाही,
हे काय घर म्हणायचं."

टोक गेलं. थांबले. पंखा बंद केला.
शांतता एकदम अंगावर आली, गवताच्या वासासकट.

दहा वर्षांचा असताना
ट्रकच्या मागच्या फळीवर बसून तो इथून गेला होता.
नंतर चाळीस वर्षं तारेचं कुंपण,
आणि त्यानंतर तीस वर्षं
नुसतंच न येणं.

उतरतो. पंखाचा आधार घेत चार पावलं चालतो,
बुटाच्या टाचेनं काँक्रीट ठोकतो,
कलिंगड पारखावं तसं.

"किती जाड असेल?"
"असेल हातभर."
विचार करतो. टोपी घालतो.
"विहीर अकरा हात होती."

रेडिओ खरखरतो: पट्टीवरच का थांबलीस? बिघाड?
नाही, मी म्हणते. जरा वेळ लागेल.
गुनवाल्डिस गप्प. मग म्हणतो,
लागू दे. आज अजून कोण येतंय.

मागे पाचशे मीटरवर
करकोचा पुन्हा उतरलाय.