मोडशी

रजिस्टर क्रमांक एकशे चौदा.
कसर लागलेलं, कोपरे चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे.
भायखळ्याच्या तळघरात मी मोडी वाचतो,
शर्वाणी तांडेल टाइप करते.

भागी, भ्रतार राघो खारवी.
वय एकोणीस. वस्ती माझगाव.
आजार मोडशी.
उपाय, टाचेस डाग दिला.

स्क्रीनवर यादी उघडते.
कॉलरा आहे, अजीर्ण आहे, इतर आहे.
मोडशी नाही.
"काय टाकू, सर?"
"थांब."
थांब म्हणणं हीच माझी नोकरी झालीय अलीकडे.

आमच्याकडे आई म्हणायची मोडशी,
लग्नातलं जेवण बाधलं की.
ओवा, सुंठ, चिमूटभर सैंधव
आणि पोटावर पालथी उशी.
एवढासा शब्द, सकाळपर्यंत उतरणारा.

या पानावर मात्र तो
सकाळी धरतो, दिवेलागणीला नेतो.
जुलाब, वांती, पोटऱ्यांत गोळे,
आवाज विहिरीत पडल्यासारखा,
बोटांची कातडी
दिवसभर धुणं धुतल्यागत सुरकुतलेली.
एवढा मोठा होता तर
आमच्या घरात मावला कसा?

गलबतांवरच्या परक्या वैद्यांनी ऐकला होता तो.
नेला लिहून, चुकतमाकत,
आणि कुठल्याशा दूरच्या भाषेत
त्याचा अर्थ लागला: कुत्र्याचं मरण.
इथे तसं कुणी म्हणत नव्हतं.
इथे नुसतं मोडणं होतं.
काठी मोडते, सोयरीक मोडते,
शंभराची नोट मोडून द्या म्हणतो आपण,
आणि शर्वाणीच्या डब्यातल्या मटकीला
आज चांगले बोटभर मोड आलेत.

सळई लाल करायचे.
टाच हातात धरायचे घट्ट.
माणूस ओरडला तर जगेल,
नाही ओरडला तर
बाहेरच्यांना आत बोलवायचे.

भागी ओरडली का
हे लिहायला रकाना नाही.
पुढे फक्त तारीख आहे,
आणि त्याच तारखेला, त्याच घरातून
राघो खारवी, वय चोवीस.
त्याच्या टाचेबद्दल काहीच नाही.
डाग द्यायला कोणी उरलं नसावं,
किंवा कारकून जेवायला उठला असावा.

"सर, पाच वाजले."
"इतर टाक. आणि शेऱ्यात लिही, मोडशी.
मो ला काना मात्रा, शी दीर्घ."

ती लिहिते.
यंत्राला शब्द ठाऊक नाही.
खाली लाल रेघ उमटते,
बारीक, तापलेली,
नेमकी टाचेपाशी.